न पाहिलेलं पाणी

देवास जिल्ह्यातल्या टोंकखुर्दच्या शिवारात विहीर खणायला घेतली की आधी काळी माती लागते. कुठे हातभर, कुठे पुरुषभर. तिच्याखाली पिवळसर मुरूम, मग कुजून मऊ झालेला दगड, मग बारीक भोकांचा मांजऱ्या आणि त्याच्याही खाली घणाला दाद न देणारा काळा पाषाण. मधूनच एखादा लाल मातीचा पट्टा येतो. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला त्याच लाव्ह्याचं आमचं माळव्याचं पठार. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास थरावर थर येत गेले आणि थंड झाले. या दगडाच्या पोटात पाण्याला जागा थोडी. पाणी राहतं ते कुजलेल्या थरात, मांजऱ्याच्या भोकांत, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. म्हणून एका बांधाला विहीर तुडुंब आणि पन्नास पावलांवर कोरडा खड्डा, असं इथे सर्रास घडतं. वरून पाहाल तर दोन्ही जागा सारख्याच. तीच माती, तेच हरभऱ्याचं पीक.

मी या गावात शाळेत इतिहास शिकवला. आमचं घराणं देवासच्या पवारांबरोबर माळव्यात आलेलं. घरात मराठी, ओट्यावर माळवी आणि वर्गात हिंदी अशा तीन भाषांत आमचा दिवस जातो. एकदा कायथ्याच्या उत्खननाचा धडा चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "माटसाब, चार हजार वर्षं ते मणी कोणी पाहिलेच नव्हते. मग ते तिथे होते असं कशावरून म्हणायचं?" वर्ग हसला. मला हसण्यासारखं त्यात काही दिसलं नाही. जग आपल्या पाहण्यावाचून असतं का, या प्रश्नावर पंडितांनी ग्रंथ लिहिले आहेत. तोच प्रश्न या पोरीने साध्या शब्दांत विचारला होता. त्या तासाला मी तिला जे सांगू शकलो ते अपुरं होतं, कारण तास पस्तीस मिनिटांचा असतो. पुरतं उत्तर द्यायचं तर या जमिनीचा इतिहास सांगावा लागतो. इथल्या माणसांनी हा प्रश्न शेकडो वर्षं कुदळीने विचारला आहे, आणि जमिनीने त्यांना उत्तरंही दिली आहेत.

या प्रश्नाशी सर्वांत आधी भिडला तो पाणी शोधणारा. महाराष्ट्रात त्याला पाणाड्या म्हणतात. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं असाही समज तिकडे आहे. आमच्याकडे दुबेळकी फांदी दोन्ही मुठींत धरून किंवा तळहातावर नारळ ठेवून शेतभर चालणारी माणसं मी पाहिली आहेत. फांदी खाली झुकली, नारळ उभा राहिला, की तिथे खूण करायची. अनुपम मिश्र यांचा जन्म वर्ध्याचा; त्यांनी 'आज भी खरे हैं तालाब' या १९९३ च्या पुस्तकात अशा लोकांची नोंद केली आहे. आंब्याची किंवा जांभळीची काठी घेऊन पाण्याचा ठाव सांगणाऱ्यांना जलसूंघा म्हणत, असं ते लिहितात.

या कसबाचा सर्वांत जुना मोठा लेख आमच्याच मुलखातला आहे. वराहमिहिर सहाव्या शतकातला, अवंतीचा. आपलं गाव कापित्थक असं तो सांगतो, आणि ते कापित्थक म्हणजे आजचं कायथा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. कायथा आमच्या शेजारच्या उज्जैन जिल्ह्यात, तराणा तालुक्यात, छोट्या कालीसिंधच्या काठी आहे. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त दकार्गल नावाचा एक अध्याय आहे, सगळा भूगर्भातल्या पाण्यावरचा. माणसाच्या अंगात रक्तवाहिन्या असतात तशा जमिनीत पाण्याच्या शिरा असतात, कुठे वर, कुठे खोल, असं तो म्हणतो. मग झाडं, वारुळं, मातीचा रंग, दगडाची जात यांवरून त्या शिरा कशा ओळखायच्या ते सांगतो. जांभळीच्या जवळ, पूर्वेला वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेला दोन पुरुषांवर गोड पाणी. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. वराहमिहिर पाण्याची जागा सांगून थांबत नाही. वाटेत काय काय लागेल तेही सांगतो. अर्ध्या पुरुषावर मासा लागेल, मग पारव्याच्या रंगाचा दगड, मग निळसर माती. म्हणजे खणणाऱ्याच्या हाती तो स्वतःलाच तपासायची साधनं देतो. दगड पारव्याच्या रंगाचा निघाला नाही तर कळावं की सांगणाऱ्याचं चुकलं. त्याच्या साऱ्या खुणा आजच्या कसोटीला उतरतात असं मी म्हणत नाही. पण ज्याने आधी सांगून मग खणायला लावलं, त्याने एक गोष्ट मान्य केली होती: खाली जे आहे ते माझ्या सांगण्याने बदलणार नाही, त्याला माझं सांगणं खोटं पाडण्याचा पूर्ण अधिकार आहे.

फांदीवाल्याची गोष्ट इथेच वेगळी होते. त्याने दाखवलेल्या जागी पाणी लागलं की पंचक्रोशीत नाव होतं. नाही लागलं तर जमीनच अभागी, किंवा मालकाच्या मनात भाव नव्हता. ओल्या विहिरी आठवणीत राहतात, कोरडे खड्डे बुजवले जातात. जिथे कोरड्या खड्ड्यांचीही मोजदाद ठेवली जाते तिथेच खरं कळायला सुरुवात होते. माझ्या मते वास्तवाची ओळख पटवायची हीच रीत आहे. जे आपल्याला नकार देऊ शकतं ते आपल्यावाचून आहे. मनाने रचलेल्या पाण्याने आजवर कोणाला निराश केलेलं नाही.

आकाशाच्या बाबतीतही वराहमिहिराने हेच केलं. 'पंचसिद्धांतिके'त त्याने पाच सिद्धांत शेजारी शेजारी मांडले. पौलिश नेमका, रोमक त्याच्या जवळचा, सूर्यसिद्धांत अधिक स्पष्ट आणि उरलेले दोन फार लांब गेलेले, असा निवाडा दिला. सिद्धांत पूज्य होते, तरी निकाल आकाशाकडे होता. जुन्या भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा उज्जैनवरून जायची, म्हणून हा निवाडा आमच्या मातीचा वारसाच म्हणायला हवा. अठराव्या शतकात सवाई जयसिंहाने तिथे दगडी वेधशाळा बांधली. पुढे ती पडझडीला आली आणि माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. तिचा कारभार गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाकडे आला.

त्याच्या आधीपासून महाराष्ट्रात पंचांगाचा वाद पेटलेला होता. जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थिती आकाशातल्या ग्रहांशी जुळेनाशी झाली होती. केरो लक्ष्मण छत्र्यांच्या गणितावर १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागलं. व्यंकटेश बापूजी केतकर, शंकर बाळकृष्ण दीक्षित, टिळक या साऱ्यांनी त्या प्रश्नात लक्ष घातलं. एकादशी कोणत्या दिवशी धरायची यावर घराघरांत भांडणं झाली. गणिताला दृक्प्रत्यय हवा, म्हणजे गणिताने सांगितलेला ग्रह डोळ्यांना तिथेच दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. उपास कधी करायचा हे माणसाच्या हातात आहे. चंद्र कुठे असावा हे त्याच्या हातात नाही. ही दोन कामं वेगळी करण्यात त्या पिढीने जे कष्ट घेतले त्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आता त्या मुलीच्या मण्यांकडे येतो.

कायथ्याचं पांढरीचं टेकाड विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९६४ मध्ये शोधलं आणि पुढे खणलं. वाकणकर नीमचचे, माळव्यातले मराठी. १९५७ च्या सुमारास आगगाडीतून जाताना दूरचे खडक पाहून उतरले आणि त्यातून भीमबेटकाची चित्रं जगापुढे आली, ती गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कायथ्याला त्यांच्यापाठोपाठ पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर केशव ढवळीकर आले. सर्वांत खालच्या थरात इसवी सनापूर्वी २४०० ते २००० च्या सुमारास राहिलेल्या लोकांची वस्ती निघाली. तिथे तांब्याच्या कुऱ्हाडी होत्या, भांड्यांत ठेवलेल्या तांब्याच्या २८ बांगड्या होत्या, अकीक आणि गोमेदाच्या माळा होत्या. एका भांड्यात शंखजिऱ्याचे इवले मणी निघाले, जवळजवळ ४० हजार.

ते भांडं कोणीतरी पुरलं होतं किंवा घाईत मागे ठेवलं होतं. मग वस्ती उठली. त्या वस्तीच्या वर एक असा थर आहे की ज्यात माणसाची काहीच खूण नाही. खापर नाही, राख नाही, हाड नाही. नुसती माती. त्याच्यावर पुढची वस्ती बसली, राजस्थानातल्या आहाडसारखी भांडी वापरणाऱ्यांची, आणि तिच्यावर माळवा संस्कृतीची.

मी मुलांना ते टेकाड दाखवायला नेत असे तेव्हा या मोकळ्या थराविषयी सर्वांत जास्त बोलत असे. बांगड्या आणि मणी पाहायला डोळे आपोआप जातात. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या नुसत्या मातीत आहे. त्या वर्षांत तिथे पाहणारा कोणी नव्हता. तरी पाऊस पडला, धूळ बसली, गवत उगवलं आणि कुजलं, आणि त्या सगळ्याची जाडी मातीत उरली. कोणाच्याही अनुभवात नसलेला काळ आपल्याला हाताने मोजता येतो.

त्याहून पक्का पुरावा कोळशात आहे. जिवंत झाड हवेतला कार्बन घेत राहतं आणि त्यात कार्बन १४ चा अगदी थोडा अंश असतो. झाड तुटलं की नवा अंश यायचा थांबतो आणि असलेला कमी होत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा. कायथ्याच्या चुलीत जळलेल्या लाकडातला तो अंश चार हजार वर्षं आपल्या वेळापत्रकाने घटत राहिला. कार्बन १४ नावाचं काही असतं हेच १९४० पर्यंत पृथ्वीवर कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे ज्याची कल्पनाही कोणाच्या मनात नव्हती ते घड्याळ जमिनीखाली बिनचूक चालत होतं. वेगवेगळ्या जागचे, वेगवेगळ्या हातांनी काढलेले कोळसे प्रयोगशाळेत गेले आणि खालच्या थराचा काळ जुना, वरच्याचा अलीकडचा, असा क्रम जुळून आला. पाहण्यानेच वस्तू घडत असती तर हा मेळ कोणी घातला?

यावर आपल्या परंपरेत एक जुना आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला अप्रामाणिक वाटतं. विज्ञानवादी बौद्धांनी विचारलं की वस्तू आणि वस्तूचं ज्ञान ही दोन कधी वेगळी सापडतात का? जेव्हा जेव्हा वस्तू कळते तेव्हा ज्ञान असतंच, मग ज्ञानाबाहेर वस्तू मानायची कशाला? प्रकाशानंदांसारख्या वेदान्त्यांनी दृष्टिसृष्टिवाद मांडला, म्हणजे पाहणं हीच निर्मिती. गंमत अशी की याचं एक कणखर उत्तर शंकराचार्यांनीच ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात दिलं आहे. खांब पाहणारा माणूस खांब पाहतो, आपलं खांबाचं ज्ञान पाहत नाही. ज्ञानाच्या बाहेर काहीच नसेल तर ज्ञान बाहेरच्यासारखं भासतं असं तरी कशाशी तुलना करून म्हणणार? अंतिम सत्य ब्रह्म म्हणणाऱ्या आचार्यांनीही व्यवहारातलं जग माणसाच्या कल्पनेवर सोपवलं नाही. दोरीवर साप दिसला तरी तिथे दोरी असावी लागते.

मात्र त्या आक्षेपात खरं असं एक आहे. काही गोष्टी खरोखरच माणसांच्या मानण्यावर उभ्या असतात, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण आमचं देवासच आहे.

तुकोजीराव आणि जिवाजीराव पवार हे दोघे भाऊ पहिल्या बाजीरावाच्या काळात माळव्यात आले आणि त्यांनी एकाच गावी राज्य थाटलं. पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. १८४१ नंतर प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र झाला. गावं एकमेकांत गुंतलेली, एका गावाच्या शेजारचं गाव दुसऱ्याचं. देवास शहरातल्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची, दुसरी बाजू दुसऱ्या पातीची. दोन्ही बाजूंचे दिवे वेगळे, पाणीपुरवठाही वेगळा. रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. कज्जा कोणाकडे न्यायचा, सारा कुठे भरायचा, मुजरा कोणाला करायचा, सगळं त्या एका रेषेवर ठरायचं. ती रेषा खरी होती का? माझ्या पणज्याच्या पिढीला विचाराल तर भिंतीइतकी खरी. आणि १९४८ मध्ये संस्थानं मध्य भारतात विलीन झाली तेव्हा ती एका सहीने गेली. आज त्या रस्त्यावर उभं राहून कितीही टक लावून पाहा, ती सापडत नाही. मानणारे उठून गेले की अशी वस्तू उरत नाही.

याच देवासला ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार आला होता, पहिल्यांदा १९१२ च्या अखेरीस आणि पुन्हा १९२१ मध्ये, थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांचा खाजगी चिटणीस म्हणून. इथल्या टेकडीवरून त्याने १९५३ च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकाला नाव दिलं. देवासला येण्याआधी, १९०७ मध्ये, त्याने 'द लाँगेस्ट जर्नी' ही कादंबरी लिहिली होती. तिची सुरुवातच केंब्रिजच्या खोलीत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या वादाने होते: कुरणातली गाय पाहायला कोणी नसताना तिथे असते की नसते? त्या काळी तिथे जी. ई. मूर यांनी १९०३ च्या आपल्या निबंधात मनाबाहेरच्या जगाची बाजू घेतली होती आणि तरुण मुलं त्यावर रात्री जागवत होती. गाईचा प्रश्न घेऊन कादंबरी सुरू करणारा माणूस अशा गावी येऊन राहिला की जिथे अर्ध्या गोष्टी नुसत्या मानण्यावर उभ्या होत्या. देवासहून परतल्यावर त्याने 'अ पॅसेज टु इंडिया' पुरी केली, १९२४ मध्ये. त्या कादंबरीतल्या गुहेत नेमकं काय घडलं हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. तरीही सारा खटला एका गोष्टीवर चालतो: काहीतरी घडलं होतं किंवा घडलं नव्हतं, आणि त्यावर एका माणसाची अब्रू अवलंबून होती. कोणाला कळलं नाही म्हणून घडलेलं न घडल्यासारखं होत नाही.

आता त्या रस्त्याच्या खाली जाऊ. थोरल्या पातीच्या विहिरीत आणि धाकट्या पातीच्या विहिरीत येणारं पाणी त्याच पाषाणाच्या भेगांतून येत होतं. त्या भेगांनी तह वाचलेला नव्हता. राजांची रेषा वर मान्य होती, खाली तिला अस्तित्वच नव्हतं. माणसाने मानलेलं वास्तव आणि माणसावाचूनचं वास्तव यांत घोळ झाला की काय होतं, ते पुढच्या अर्धशतकात आमच्या तालुक्याने भोगलं.

जुन्या माळव्यात पावलोपावली पाणी अशी ख्याती होती आणि लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. त्या ख्यातीचं कारण शेतीच्या पद्धतीत होतं. काळ्या मातीची शेतं बहुतेक करून पावसाळ्यात पडीक ठेवायची, पावसाची ओल मातीत मुरू द्यायची आणि तिच्यावर गहू-हरभरा काढायचा. विहिरीवर मोट असायची, आणि बैल दिवसाला ओढतील तेवढंच पाणी निघायचं. १९७० नंतरच्या दशकात सोयाबीन आलं आणि पडीक खरीप भरून गेला. वीज आली, पंप आले, ट्यूबवेल आल्या. रब्बीच्या गव्हाला पाण्यावर पाणी देणं परवडू लागलं. काही वर्षं घरात पैसा खेळला, पक्की घरं झाली, मुलं इंदूरला शिकायला गेली. मी त्या सुबत्तेला नावं ठेवत नाही. माझ्या वर्गातली कित्येक मुलं तिच्यामुळेच शाळेत टिकली.

पण खाली पातळी उतरत होती. ती उतरताना कोणाला दिसली नाही. प्रत्येकाला दिसत होती ती आपल्या पाइपातून येणारी धार. धार आहे म्हणजे पाणी आहे, असा हिशोब. धार बारीक झाली की आणखी खोल जायचं, पंपाची ताकद वाढवायची. विहिरी आटल्या तेव्हा त्यांच्या तळात आडवी बोअर मारली, ती आटली तेव्हा उभी, आणि खोली शेकडो फुटांवर गेली. माझ्या शेताच्या खालचं पाणी माझं, ही समजूत देवासच्या त्या रस्त्यावरच्या रेषेसारखीच होती. वर कायदेशीर, खाली निरर्थक. एप्रिल १९९० मध्ये इंदूरहून पाण्याचे टँकर घेऊन आगगाडी देवासच्या स्टेशनात आली आणि ढोल वाजवून तिचं स्वागत झालं. ज्या मुलखाने पाण्याची ख्याती मिरवली त्याच्या जिल्ह्याच्या ठिकाणी पाणी रेल्वेने आलं. ख्याती माणसांच्या तोंडी शाबूत होती, आणि पाषाणाच्या भेगा रिकाम्या होत्या.

इथे एक अवघड मुद्दा आहे. पाहण्याने पाहिलेल्या गोष्टीत फरक पडतच नाही असं नाही. खाली पाणी आहे का हे पाहायला मारलेली बोअर ते पाणी उपसायलाच असते. ती शेजारच्या विहिरीची पातळीही उतरवते. भौतिकशास्त्रात याहून खोल पातळीवर हा प्रश्न उभा राहिला. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या कापुथ गावी रवींद्रनाथ आइन्स्टाइनच्या घरी गेले तेव्हा दोघांत यावरच बोलणं झालं. सत्य माणसाच्या मनाशी जोडलेलं आहे असं रवींद्रनाथांचं म्हणणं. घरात कोणी नसलं तरी टेबल तिथे असतंच, असं आइन्स्टाइनचं. पुढे जॉन बेल यांनी १९६४ मध्ये हा वाद प्रयोगाने तपासता येईल अशी कसोटी काढली, वाकणकरांनी कायथ्याचं टेकाड शोधलं त्याच वर्षी. क्लाउझर, आस्पे आणि त्सायलिंगर यांच्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालं. सूक्ष्म कणांचे गुण आधीपासून ठरलेले असतात आणि दूरच्या मोजमापाचा त्यांच्याशी संबंध नसतो, ही साधी समजूत त्या प्रयोगांत टिकली नाही.

यावरून काही लोक घाईने म्हणतात की पाहा, माणूस पाहतो म्हणून जग आहे. हे त्या प्रयोगांतून निघत नाही. तिथे मोजमाप म्हणजे कणाची यंत्राशी पडलेली गाठ. यंत्राशेजारी माणूस जागा आहे की झोपलेला, याची त्या गणितात नोंद नसते. आणि ते प्रयोग जगाच्या बाजूनेच साक्ष देतात असं मला वाटतं. आइन्स्टाइनसारख्या माणसाची मनापासूनची अपेक्षा होती, आणि निसर्गाने ती नाकारली. इतक्या थोर मनाला नकार देणारं जे काही आहे ते मनाने रचलेलं कसं असेल? कायथ्याच्या कोळशातला कार्बनचा एखादा अणू कधी फुटेल हे आजही कोणी सांगू शकत नाही, पण अब्जावधी अणू मिळून जे प्रमाण राखतात ते कोणाच्या इच्छेने हलत नाही. वास्तव आपल्या जुन्या चित्रापेक्षा निराळं निघालं, एवढाच त्याचा अर्थ.

२००६ मध्ये देवासला उमाकांत उमराव हे जिल्हाधिकारी होते. त्यांच्या पुढाकाराने भगीरथ कृषक अभियान सुरू झालं आणि त्याचा मोठा जोर आमच्या टोंकखुर्द तालुक्यात होता. कल्पना साधी होती. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा साधारण दहावा हिस्सा तळ्याला द्यायचा, पावसाचं पाणी त्यात साठवायचं आणि रब्बीला तेच वापरायचं. त्या तळ्यांना रेवासागर नाव मिळालं, आणि तळं खणणाऱ्याला भगीरथ कृषक. टोंककलां, धतुरिया या गावांत एकाचं पाहून दुसऱ्याने अशी तळी झाली. जिल्ह्यात ती हजारोंनी झाली. बोअरवर पैसे घालून हात पोळलेल्या शेतकऱ्यांनी जमीन दिली ही सोपी गोष्ट नाही. इथल्या माणसाला जमीन सोडणं जिवावर येतं.

मला त्या तळ्यांत इतिहासाच्या दृष्टीने एक मोठा बदल दिसतो. शेकडो फूट खाली असलेलं पाणी बांधावर आलं. पट्टी रोवली की कळतं, आज किती आहे, गव्हाला किती पाणी देता येतील, यंदा किती बिघे पेरावे. अंदाजाला आणि फुशारकीला जागा उरत नाही. दिसणाऱ्या पाण्याशी खोटं बोलता येत नाही. अर्थात तळं काही नवं पाणी निर्माण करत नाही. पाऊस जेवढा पडतो तेवढाच पडतो, आणि तळ्याचं पाणी ज्याने बोअरला जोडून दुहेरी उपसा चालवला त्याला जमिनीने पुन्हा तोच नकार दिला.

तर त्या मुलीला माझं उत्तर असं. मणी तिथे होते, कारण ते तिथे नसते तर आपल्याला ते तिथे आणता आले नसते. आपण कितीही मनोभावे खणलं तरी बहुतेक जागी मणी निघत नाहीत. त्यांना 'कायथा संस्कृती' हे नाव आपण दिलं, त्यांचं मोल आपण ठरवलं, ते कोणी का पुरले असतील यावर आपण तर्क केले. हे सगळं आपलं आहे आणि उद्या बदलेलही. पण भांडं, मणी, मोकळा थर आणि घटत जाणारा कार्बन यांना आपली गरज नव्हती. पाहण्याने वस्तू होत नाही. पाहण्याने आपण शहाणे होतो, आणि वेळेवर पाहिलं तर वाचतोही.

हे मानण्यात मला मोठा दिलासा वाटतो. खरं जर ज्याच्या त्याच्या अनुभवापुरतं असेल, तर ज्याचा पंप मोठा त्याचाच अनुभव खरा ठरेल, आणि शेजारच्या विधवेची विहीर आटली हे तिचं वैयक्तिक मत होऊन बसेल. पातळी सर्वांची एक आहे आणि ती कोणाच्याही बोलण्याबाहेर आहे, म्हणूनच दुबळ्या माणसाला तिच्याकडे बोट दाखवून न्याय मागता येतो. घडलेलं घडलंच आहे, म्हणून इतिहासाच्या शिक्षकालाही काही सांगायचा हक्क आहे.

केंद्रीय भूजल मंडळ वर्षातून चार वेळा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजतं. एवढ्याने प्रत्येक गावाचं भागत नाही, कारण आमच्या पाषाणात पन्नास पावलांवर हिशोब बदलतो. मला वाटतं, टोंकखुर्द तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने गावातली एक विहीर दत्तक घ्यावी. दर पौर्णिमेला मुलांनी दोरीला वजन बांधून पाणी किती हातांवर आहे ते मोजावं आणि पंचायतीच्या भिंतीवर तारखेनिशी रंगवावं, उतरलं तरी, चढलं तरी. दोरी, वजन आणि रंगाचा डबा, एवढाच खर्च आहे. हे काम येत्या पावसाळ्याआधी सुरू झालं, तर पुढच्या उन्हाळ्यात गहू किती पेरावा यावर ग्रामसभेत भांडण होईल तेव्हा निकाल देणारा आकडा गावाच्या भिंतीवरच लिहिलेला असेल.